यार्कोनचे पाणी आणि आपण

पुरीम होऊन आठ दिवस झाले होते. आमचा ज्येष्ठ मंडळींचा गट बस करून रोश हाआयिनजवळच्या तेल अफेकला सहलीला गेला. बसमध्ये लोद-रामलेची मंडळी अधिक. बेर शेव्याची दोन घरे आदल्या रात्रीच नातलगांकडे येऊन मुक्कामाला राहिली होती. जुन्या तुर्की किल्ल्याच्या भिंती पाहून झाल्या, निलगिरीच्या सावलीत डबे उघडले, सणाच्या राहिलेल्या पुरणपोळ्या निघाल्या. मग सगळे रमतगमत पाण्याकाठी गेलो.

यार्कोन नदीचा उगम तो इथेच. कमळांचे तळे, काठाला लव्हाळे आणि पुढे संथ वाहणारा एक प्रवाह. बेर शेव्याच्या आमच्या एका मावशी, ज्यांचे माहेर रोह्यापलीकडची अष्टमी, काठीवर रेलून बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढीशीच? आमच्या कुंडलिकेच्या ओहोळातसुद्धा याहून जास्त पाणी असतं. हिला नदी बोलतात?"

सगळे हसले, आम्हीही हसलो. पण त्यांच्या प्रश्नाला उत्तर होते, आणि ते त्यांच्याच घरापाशी जाऊन थांबत होते. आम्ही म्हटले, "मावशी, ही नदी लहान नव्हती. ती तुमच्या गावाकडे आली, म्हणून इथे एवढीशी राहिली." मावशींना ते काही पटले नाही. परतीच्या वाटेवर बसमध्ये जेवढे सांगता आले तेवढे सांगितले. उरलेले वाचकांसाठी इथे मांडत आहोत.

यहोशवाच्या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात दान वंशाच्या वाट्याला आलेल्या मुलखाची नावे आहेत. त्यांत 'मे-हायार्कोन', म्हणजे यार्कोनचे पाणी, हे एक नाव येते. यारोक म्हणजे हिरवा, तेव्हा नाव त्या रंगावरून पडले असावे असे मानतात. अरब लोक तिला औजा म्हणत, वाकडीतिकडी. नकाशा पाहिला तर हे नावही खोटे नाही. उगमापासून तेल अवीवच्या समुद्रापर्यंत तिची लांबी सुमारे साडेसत्तावीस किलोमीटर आहे, आणि तेवढ्यात ती किती वळणे घेते ते मोजायला बसू नये.

आपल्या कोकणातल्या नद्या पावसाच्या. जुलैत दरडी कोसळवतात आणि मे महिन्यात त्यांच्या पात्रात पोरे क्रिकेट खेळतात. यार्कोन तशी नव्हती. पूर्वेकडच्या डोंगरांवर हिवाळ्यात पडलेला पाऊस चुनखडीच्या खडकात मुरायचा आणि रोश हाआयिनच्या झऱ्यांतून बारा महिने वर यायचा. वर्षाला सुमारे २२ कोटी घनमीटर, म्हणजे दर सेकंदाला सात हजार लिटर पाणी. पावसाचा थेंब नसलेल्या ऑगस्टमध्येसुद्धा हा ओघ चालूच असे. यार्देन सोडली तर या देशात एवढे पाणी दुसऱ्या कोणत्याच नदीला नव्हते. तिच्या जोरावर पिठाच्या गिरण्या चालत. सात गिरण्या आणि दहा गिरण्या ही ठिकाणांची नावे आजही तेल अवीव आणि रामात गानच्या लोकांच्या तोंडी आहेत. १८७८ मध्ये पेताह तिकवा वसवणाऱ्यांनी याच पाण्याच्या ओढीने जागा घेतली. पहिल्या खेपेस हिवतापाने त्यांना गाव सोडावे लागले, पण ते परत आले. पुढे याच पाण्यावर संत्र्यांच्या बागा उभ्या राहिल्या. इंग्रजांच्या राजवटीत, १९३० च्या दशकात, रोश हाआयिनचे पाणी नळाने थेट येरुशलायिमला चढवले गेले. नदीतून पाणी बाहेर नेण्याची ती सुरुवात. पण उचल लहान होती आणि नदीला ती जाणवली नाही.

खरा घाव १९५५ साली बसला. त्या वर्षी जुलै महिन्यात यार्कोन-नेगेव जलवाहिनीचे उद्घाटन झाले. ६६ इंच व्यासाचे काँक्रीटचे नळ, म्हणजे बरोबर साडेपाच फूट. आमच्या मावशी त्यातून ताठ मानेने चालत गेल्या असत्या. वर्षाला सुमारे १० कोटी घनमीटर पाणी वाहून नेण्याच्या हिशेबाने ती बांधली होती. जवळजवळ अर्धी नदी एका नळात घालून दक्षिणेला पाठवली असे समजा. पुढच्या दशकात दुसरी वाहिनी आली. भूजलाचा उपसाही वाढत गेला, तसे उगमाचे झरेच मंदावले.

हा घाव कोणी दुष्टपणाने घातला नव्हता. तो काळ आठवा. देशाची लोकसंख्या काही वर्षांतच दुप्पट झाली होती. नेगेवची जमीन मोकळी पडलेली, पण पाणी नाही. माणसे येत होती आणि त्यांना वसवायचे होते. त्या माणसांत आपणही होतो. मुंबईच्या गोदीतून, रेल्वेतून, गिरण्यांतून, अलिबाग-पेणच्या वाड्यांमधून निघालेली आपली माणसे बेर शेवा, किर्यात गात, दिमोना, येरुहाम अशा ठिकाणी उतरवली गेली. कित्येकांना रात्रीच्या अंधारात ट्रकमधून उतरवले आणि सकाळी डोळे उघडले तो चहूकडे वाळू, ही हकिकत आपल्या घराघरांत ऐकलेली आहे. आपल्या वडीलधाऱ्यांनी त्या काळात भोगलेली उपेक्षा आम्ही विसरलेलो नाही, आणि तिच्याविषयी याच भाषेत पुष्कळ लिहून झाले आहे. पण याची दुसरी बाजूही लिहायला हवी. १९६४ मध्ये किन्नेरेतचे पाणी घेऊन राष्ट्रीय जलवाहिनी सुरू होईपर्यंत दक्षिणेकडे जाणाऱ्या पाण्यात यार्कोनचा वाटा मोठा होता. लाखीशच्या शेतांत, बेर शेव्याच्या आसपासच्या वस्त्यांत हे पाणी पोचले. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी पहिला भात शिजला तो या पाण्यात. मावशींना आम्ही जे सांगितले त्याचा अर्थ एवढाच.

आता नदीकडे वळू. तिचे पाणी गेले, पण पात्र तिथेच राहिले. उताराची रिकामी वाट दिसली की माणूस तिच्यात सांडपाणी सोडतो. शारोनच्या मैदानात शहरे वाढली. क्फार साबा, होद हाशारोन, रामात हाशारोन यांचे सांडपाणी, कधी अर्धवट शुद्ध केलेले, कधी त्याहून वाईट, नदीच्या मधल्या भागात येऊ लागले. आज नदीचे तीन भाग करून सांगतात. उगमापासून काने ओढ्याच्या संगमापर्यंत सुमारे सात किलोमीटर पाणी स्वच्छ. तिथून सात गिरण्यांपर्यंतचे सुमारे सतरा किलोमीटर हा मधला भाग, ज्याने सगळी घाण सोसली. शेवटचे चारेक किलोमीटर खाडीचे. काने ओढा मिळतो तिथे उभे राहिले की पूर्वी नाकाला नकाशा लागत नसे.

इथे एका शब्दाविषयी सांगायला हवे. मराठीत आपण सगळ्याला सांडपाणी म्हणतो. हिब्रूत दोन शब्द आहेत: शुद्ध न केलेले ते शफाखीम आणि शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडलेले ते कोल्हीन. (आमच्या बसमध्ये हा शब्द ऐकून एका काकांनी "कोल्हीण कुठे दिसली?" असे विचारले, ते असो.) सारा प्रश्न या दुसऱ्या शब्दात आहे. शफाखीम नदीत सोडू नये हे कोणालाही समजते. पण कोल्हीन सोडावे की नाही, आणि सोडले तर नदीत दुसरे पाणी किती असावे, हे ठरवणे अवघड.

या प्रश्नाला जुना इतिहास आहे आणि तो इंग्लंडमध्ये सुरू होतो. तिथे सांडपाण्याच्या विल्हेवाटीसाठी एक शाही आयोग नेमला होता. त्याचा आठवा अहवाल १९१२ मध्ये आला. सांडपाण्यातील सेंद्रिय घाण जिवाणू खातात आणि ते करताना पाण्यातला प्राणवायू वापरतात. किती प्राणवायू लागेल त्या मापाला बीओडी म्हणतात. आयोगाने सांगितले की नदीत सोडायच्या पाण्याची बीओडी लिटरमागे २० मिलिग्रॅमच्या आत असावी आणि तरंगणारे कण ३० च्या आत. हे २० आणि ३० पुढे जगभर गेले. इस्रायलनेही १९९२ च्या नियमांत शहरांच्या सांडपाण्यासाठी हेच आकडे घेतले.

पण आयोगाच्या वाक्याला एक शेपूट होते: हे आकडे चालतील ते नदीत निदान आठपट स्वच्छ पाणी असेल तर. हिशेब सोपा आहे. चांगल्या नदीच्या पाण्याची बीओडी २ धरा. असे आठ भाग आणि २० बीओडीचा एक भाग कोल्हीन मिसळले, तर आठ दुणे सोळा अधिक वीस, छत्तीस. भागिले नऊ, चार. चारपर्यंत नदी स्वतःला सावरते, त्यापुढे तिचा दम लागतो, असे आयोगाचे मत होते. आता नदीचे पाणी आठ भागांऐवजी एकच भाग धरा. उत्तर येते अकरा. आणि नदीचे पाणी अजिबात नसेल तर वीस. म्हणजे कारखान्याने नियम तंतोतंत पाळला तरी नदी मरते. आकडे देशोदेशी गेले, शेपूट मागे राहिले. यार्कोनच्या मधल्या भागात कोरड्या महिन्यांत कोल्हीन हीच नदी होती. त्यात मिसळायला दुसरे काही नव्हतेच.

बीओडी ही एकच गोष्टही नव्हे. कोल्हीनमध्ये अमोनिया असतो, तो माशांना विषारी. फॉस्फरस आणि नायट्रोजन असतात, त्यांवर शेवाळ माजते. ते दिवसा प्राणवायू सोडते आणि रात्री तोच ओढून घेते, म्हणून मासे पहाटे मेलेले सापडतात. वाहते पाणी हवेतला प्राणवायू घेत जाते, तुंबलेले पाणी तापते आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमीच विरघळतो. खाडीच्या भागात आणखी एक भानगड. समुद्राचे जड खारे पाणी तळाने पाचरीसारखे आत शिरते आणि वरून गोडे पाणी तरंगते. वरून ओघ जोराचा असेल तर पाचर मागे हटते. ओघ नसेल तर खालचे पाणी तिथेच बसते, गाळ साठतो, आणि त्या गाळात श्वास घेणारे काही उरत नाही. रेवदंड्याच्या खाडीत भरती-ओहोटी पाहिलेल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. तिथल्या भरतीला जोर असतो, भूमध्य समुद्राची भरती मात्र फूट-दीड फुटाची, तिच्याने गाळ धुतला जात नाही.

हे सगळे संबंधितांना ठाऊक होते. १९८८ मध्ये यार्कोन नदी प्राधिकरण स्थापन झाले, काठावर झाडे लागली, सायकलवाटा झाल्या. पण देशाचे लक्ष गेले ते १४ जुलै १९९७ च्या संध्याकाळी. मक्काबी खेळांच्या उद्घाटनासाठी रामात गानच्या मैदानाजवळ नदीवर पायी जाण्याचा तात्पुरता पूल बांधला होता. ऑस्ट्रेलियाचे पथक त्यावर असताना तो कोसळला. पथकातील चौघांचे प्राण गेले. पडण्याची उंची मोठी नव्हती आणि पाणी खोल नव्हते. नंतरचे मृत्यू नदीच्या दूषित पाण्यातून आणि गाळातून शरीरात गेलेल्या संसर्गाशी जोडले गेले. ती बातमी रेडिओवर ऐकताना आमच्या घरात जी शांतता पसरली ती अजून आठवते. ज्या पाण्यातून लोक रविवारी नाव वल्हवत होते ते काय आहे, हे पहिल्यांदा सगळ्यांना कळले. पुलाच्या बांधकामाचे खटले झाले, दोषी ठरले. नदीला इतकी वर्षे पाण्यावाचून ठेवल्याबद्दल कोणाला समन्स गेले नाही, आणि जाणार तरी कोणाला?

दोनच वर्षांनी दुष्काळ आला. यार्कोनमध्ये एक लहानसा चंदेरी मासा राहतो. हिब्रूत त्याला लव्नून हायार्कोन म्हणतात. तो जगात फक्त इस्रायलच्या किनारी नद्यांत आहे. १९९९ च्या त्या उन्हाळ्यात पाणी आटू लागले, तेव्हा तेल अवीव विद्यापीठाच्या प्राणिशास्त्रज्ञांनी उरलेले शे-दीडशे मासे पकडून हौदात नेले. तिथे त्यांची पैदास केली आणि २००६ पासून हजारोंच्या संख्येने परत नद्यांत सोडले. आम्हाला या गोष्टीत सर्वांत भिडते ते हे की मासे वाचवणे सोपे निघाले, माणसांनी सात वर्षांत करून दाखवले. त्यांना परत सोडायला वाहते पाणी मिळवणे हेच अवघड होते.

त्या पाण्यासाठी कायदा बदलावा लागला. १९५९ च्या जलकायद्यात पाणी घरासाठी, शेतीसाठी, उद्योगासाठी होते, नदीसाठी नव्हते. नदीला स्वतःच्याच पाण्यावर हक्क नव्हता! २००४ च्या दुरुस्तीने निसर्गाचे संरक्षण हाही पाण्याचा एक मान्य उपयोग ठरला. त्याच्या आदल्या वर्षी, २००३ मध्ये, सरकारने यार्कोनच्या पुनरुज्जीवनाचा निर्णय घेतला होता. योजना थोडक्यात अशी: वरून स्वच्छ पाणी सोडायचे, शुद्धीकरण केंद्रे सुधारायची, कोल्हीन होद हाशारोनजवळ लव्हाळ्यांच्या दलदलीतून गाळून मग नदीत घ्यायचे, आणि एवढे सगळे पाणी नदीतून वाहून खाली आले की तिथे पुन्हा उचलून बागांना व शेतीला द्यायचे. पाणी तेच, आधी नदीचे काम करील, मग माणसाचे. २०१० च्या नियमांनी कोल्हीनचा दर्जाही कडक केला: २० आणि ३० च्या जागी १० आणि १०, शिवाय नदीत सोडायचे असेल तर अमोनिया व फॉस्फरसवर वेगळी मर्यादा.

मघाचा हिशेब पुन्हा करू. १० बीओडीचे एक भाग कोल्हीन आणि २ बीओडीचे तीन भाग नदीचे पाणी: सहा अधिक दहा सोळा, भागिले चार, चार. म्हणजे शुद्धीकरण दुप्पट चांगले केले तर आठपट पाण्याऐवजी तिप्पट पुरते. पण तिप्पट लागतेच. शुद्धीकरण कितीही सुधारा, पाण्याची गरज कमी होते, संपत नाही.

आता खरी पंचाईत. कोल्हीन जितके चांगले, तितके ते शेतकऱ्याला हवे. इस्रायल आपल्या सांडपाण्याच्या दहा भागांतले आठ-नऊ भाग शेतीला पुन्हा वापरतो, जगात याला तोड नाही आणि आपल्याला त्याचा अभिमान आहे. पण घाणेरडे असताना जे पाणी नदीत फेकले जाई, ते स्वच्छ झाल्यावर नदीला मागावे लागते. नदीला आधी गोडे पाणी नाकारले, मग सांडपाणी पाजले, आणि आता ते शुद्ध झाल्यावर तेही काढून घ्यायचे, असा हा प्रकार. मोशावमध्ये राहणारे आमचे एक नातलग म्हणतात, "माशांना पाणी आणि माझ्या लिंबांना मीटर?" त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. त्यांच्या लिंबांवर त्यांचे घर चालते.

तरीही आमचे मत नदीच्या बाजूने आहे, आणि ते का हेही सांगतो. १९५५ साली दुसरा मार्ग नव्हता. आज आहे. २००५ मध्ये अश्कलोन, मग पालमाखीम, हादेरा, सोरेक अशी समुद्राचे पाणी गोडे करणारी केंद्रे उभी राहिली. तेल अवीव परिसराचे सांडपाणी शफदान केंद्रात शुद्ध होऊन, रिशोन लेझियोनजवळच्या वाळूत मुरवून, वेगळ्या वाहिनीने नेगेवच्या शेतांत जाते. दक्षिणेची तहान आता एका नदीवर अवलंबून नाही. गोडे केलेले पाणी महाग आहे हे खरे, पण जे उसने घेतले ते परत करताना महागाई सांगणे आम्हाला बरे वाटत नाही. यार्देनच्या बाबतीतही २०१३ पासून किन्नेरेतचे थोडे पाणी खालच्या पात्रात सोडू लागले आहेत. तिची कहाणी याहून मोठी आणि करुण आहे, ती पुन्हा कधीतरी.

मावशींच्या कुंडलिकेची मात्र एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण त्यांनी तिचा अभिमान मिरवला. रोहेकर, अष्टमकर ही आपली आडनावे ज्या नदीकाठची, ती कुंडलिका भर उन्हाळ्यातही वाहते ती काही देवाच्या कृपेने नव्हे. घाटमाथ्यावर मुळशीचे धरण आहे. त्याचे पाणी डोंगर उतरून १९२७ साली सुरू झालेल्या भिऱ्याच्या वीजकेंद्रात येते आणि वीज करून झाली की कुंडलिकेत सोडले जाते. ते पाणी मुळात मुळेचे, पुण्याकडे जाणारे. एका नदीचे घेतले ते दुसरीला मिळाले. रोह्याच्या वरच्या अंगाला धाटावचे कारखाने आहेत, आणि भिऱ्याहून पाणी सुटते म्हणून त्यांचे सांडपाणी पातळ तरी होते. हे ऐकून मावशी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आमची नदीपण उसन्या पाण्याचीच."

नव्याच्या सणानंतरच्या दहा दिवसांत आम्ही काही जण तश्लिखसाठी सात गिरण्यांपाशी गेलो. मावशी मुलाच्या गाडीतून खास बेर शेव्याहून आल्या होत्या. तश्लिख माशांच्या पाण्यापाशी करावे अशी जुनी रीत आहे, म्हणून त्यांनी आधी नातवाला कठड्यावरून खाली बघायला लावले. "आहेत का रे?" पाणी हिरवट होते, बंधाऱ्यावरून पातळ धार पडत होती. नातू वाकून बघत राहिला. काहीतरी हलले, पण मासा होता की पान, ते त्याला सांगता आले नाही. मावशी म्हणाल्या, "थांब जरा, बघत राहा," आणि पुस्तक मिटून कट्ट्यावर बसल्या.